हाय तसा काड

गावच्या आमच्या घरी ओटीवर आजोबांचा फोटो आहे. त्यात त्यांनी काळा कोट घातलाय आणि गळ्यात टाय आहे. आजोबा जन्मभर मिठागरात राबले. गुडघ्यांच्या वर खोचलेला पंचा आणि डोक्याला गुंडाळलेलं फडकं, यापलीकडे त्यांच्या अंगाला फारसं कापड लागलं नाही. कोट त्यांनी पाहिला असेल तो मिठाच्या व्यापाऱ्याच्या अंगावर. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्याचा, आणि त्यातही उन्हामुळे डोळे मिटलेले. पनवेलच्या एका स्टुडिओवाल्याने घोळक्यातून त्यांचं डोकं तेवढं उचललं, मोठं केलं, ब्रशने डोळे उघडले आणि खाली कोट रंगवून दिला. तेव्हा पद्धतच होती तशी. गेलेल्या माणसाला उघड्या छातीने भिंतीवर कसं लावायचं?

माझ्या बाबांना तो फोटो कधीच पटला नाही. पण थोरामोठ्यांनी खर्च करून आणलेला, काढायचा तरी कसा! पितृपक्षात आई पान वाढायची. वडे, खीर, लाल भोपळ्याची भाजी. बाबा ते पान फोटोसमोर ठेवायचे, हात जोडायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, "कोटवाल्या, माज्या बापाला सांग, जेवान वाडलंय."

मी आणि माझा धाकटा भाऊ तोंड दाबून हसायचो. आई करवादायची, "आज तरी नीट बोला." बाबांचा चेहरा गंभीरच असायचा, फक्त डावा गाल किंचित वर जायचा आणि त्या बाजूची भुवई त्याच्या मागोमाग. एवढंच त्यांचं हसणं. ज्याला ठाऊक नव्हतं त्याला वाटे, माणूस रागावलाय.

आमचं गाव जासईच्या अलीकडे. मिठागर गेलं, शेती गेली, आणि बाबा तिथल्याच एका कंटेनर यार्डात मुकादम झाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पनवेलच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. पुढे काय काय होईल तेही सांगितलं. त्यात एक वाक्य होतं, "हळूहळू चेहऱ्यावरचे हावभाव कमी होत जातात." मला त्या वेळी हाताची काळजी होती. चेहऱ्याकडे मी लक्षच दिलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी मी गावी गेले होते. मी खांदा कॉलनीत राहते, शाळेत भूगोल शिकवते. बाबा ओटीवर बसले होते, समोर आजोबांचा फोटो. मला म्हणाले, "बाय, मी गेल्यावर फोटू कुटला लावनार?"

"बाबा, तुमी कायतरीच काय बोलता?"

"फोटूत माजं डोलं मिटतात, तुला म्हाईत हाय. मंग कुनीतरी येऊन ते उगडील. कोट घालील. माज्या बापाचं केलं तसं माजं करू नको. तुला नकाशे काडता येतात ना? मंग माजं त्वांड काड. हाय तसा काड."

आता नकाशा आणि तोंड यांत काय फरक आहे, हे बाबांना कोण सांगणार! पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा फारसा फरक वाटला नव्हता. फळ्यावर मी महाराष्ट्राचा नकाशा न बघता काढते, कोकणच्या खाड्यांसकट. बाबांचा चेहरा तर मी जन्मल्यापासून बघत आले होते. मी कागद आणला, रंग आणले, त्यांना समोर बसवलं. जे काही उमटलं ते सुरणाला डोळे काढावेत तसं होतं. भाऊ आत डोकावून म्हणाला, "ताय, यो कोन?" बाबांचा डावा गाल वर गेला. मी तो कागद फाडला आणि नवीन पनवेलला चित्रकलेच्या क्लासला नाव घातलं.

क्लास म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. शिकवणारे सर शाळेतून निवृत्त झालेले, तिरसट आणि नेमाने चहा पिणारे. मी त्यांना घरी झालेल्या सुरणाबद्दल सांगितलं आणि म्हटलं, मला फक्त वडिलांचा चेहरा काढायचाय, बाकी काही शिकायचं नाही. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एका म्हाताऱ्याच्या चित्राची मोठी छपाई चिकटवलेली होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा एक डच चित्रकार, जगभर नावाजलेला, म्हातारपणी आरशात बघून त्याने स्वतःलाच काढलेलं. डोक्यावर टोपी, बटाट्यासारखं नाक, अंगात गडद काहीतरी, मागे अंधार. आणि डोळे असे, की तुम्ही खोलीत कुठेही जा, तुमचं सगळं ठाऊक असल्यासारखे.

"आधी हा," सर म्हणाले. "हा पास झाला की मग वडील. जिवंत माणूस हलतो, थकतो, तुमच्याशी बोलतो. त्याच्यावर शिकता येत नाही. हा साडेतीनशे वर्षं हललेला नाही."

"नक्कल करायची?"

"अक्षर कसं गिरवलंत? तसंच."

मग मी तो म्हातारा गिरवायला बसले. सरांची पद्धत अशी, की आधी सबंध चेहरा एकाच तपकिरी रंगात उभा करायचा. कुठे अंधार, कुठे उजेड, बस्स. तो थर पूर्ण वाळला की त्यावर करडा. तो वाळला की मग कातडीचा रंग, पातळ, तेलात कालवलेला, खालचं दिसेल असा. तो वाळला की पुन्हा. खालचा थर ओला असताना वरचा दिला तर पुढे रंग फाटतो. घाई चालत नाही. सर दर वेळी बोट लावून बघायचे आणि म्हणायचे, "ओला आहे. पुढच्या आठवड्यात या."

मी सुरकुत्या काढायला गेले की ते हात धरायचे. "सुरकुती काढू नका, बाई. उजेड नीट ठेवा, सुरकुती आपोआप पडेल." डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नसतोच, हेही मला तिथे कळलं. इतकी वर्षं आरशात बघून ते कळलं नव्हतं. मला त्या शिकण्याचं वेड लागलं, नाकारून काय उपयोग! वर्गात भारताच्या नद्या शिकवताना मी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हनुवटीखालची सावली बघत असायचे.

पण पावसाळा होता. आमच्याकडे पावसात गादी वाळत नाही, मीठ वाळत नाही, तर जवसाच्या तेलात कालवलेला रंग काय वाळणार? एक एक थर आठवडेच्या आठवडे चिकट राही. कॅनव्हासच्या मागे बुरशी धरली. क्लासमध्ये जागा नव्हती, म्हणून चित्र मी घरी आणायचे, पंख्याखाली ठेवायचे, आणि रविवारी मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गावी न्यायचे. बाबांच्या खाटेशेजारी बसून काम केलं की त्यांच्याबरोबर वेळही जायचा.

बाबांना त्या म्हाताऱ्याबद्दल फार कुतूहल. पहिल्या दिवशी विचारलं, "यो कोन गो?"

"परदेशातला चित्रकार. आरशात बघून सोताचंच चित्र काढलंय यानं."

"सोताच काडलं?" त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं. "मंग बरोबर असंल. कोट त्याचा सोताचाच असंल."

गणपती झाले. बाबांची चाल आखूड झाली, आवाज बारीक झाला. मी काही विनोद केला तर ते हसतायत की नाही, ते कळायला उशीर लागू लागला. गाल वर जायचा, पण अर्ध्यातच थांबायचा. एकदा आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अवो, रागावलाव काय?" बाबा म्हणाले, "नाय गो, हसतोय." आणि चेहरा जसाच्या तसा.

तेव्हा मला डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं. मी सरांकडे गेले, म्हटलं, सर, थर कमी करा, मला वडिलांना लवकर बसवायचंय. सर कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी तुम्हाला आज परवानगी दिली, तरी तुमचा हात आज तयार नाही. पुन्हा तेच सुरण येईल." खोटं नव्हतं ते. मी रडकुंडीला येऊन जिना उतरले.

ऑक्टोबरचं ऊन पडलं तेव्हा वाटलं, आता भराभर वाळेल. एका रविवारी मी गावीच झोपले होते दुपारची. चित्राला शेवटून दुसरा थर दिला होता आणि ते भिंतीशी उभं केलं होतं. आई बिचारी दर रविवारी मला विचारायची, "वाललं का गो?" आणि मी दर वेळी चिडून "नाय" म्हणायचे. तिला दया आली. तिने कॅनव्हास उचलून गच्चीवर नेला आणि सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगेशेजारी, तोंड वर करून, कडक उन्हात ठेवला. वारा आला तर उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड. माश्या बसू नयेत म्हणून वरून बोंबलांचीच जाळी.

आमच्या घरात वाळवायची दुसरी रीतच नाही. सुकट असो, पापड असो, मीठ असो, ऊन दाखवलं की वाळतं. आईचं काय चुकलं? मी गच्चीवर गेले तेव्हा म्हाताऱ्याच्या वरच्या थराला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या आणि खालचा रंग अजून ओलाच होता. रस्त्यावरच्या ट्रेलरांची धूळ चेहराभर बसली होती. गालांवर जाळीचे चौकोन उमटले होते. वास तर विचारूच नका.

मी आईवर ओरडले. ती पदराच्या टोकाने कडेची धूळ टिपत राहिली आणि त्यामुळे आणखीच पसरली. खाली बाबा खाटेवर बसून सगळं ऐकत होते. मी चित्र खाली आणलं तेव्हा त्यांनी ते जवळ मागितलं, वास घेतला, आणि बारीक आवाजात म्हणाले, "आता आपला झाला यो. बोंबलाचा वास येतोय."

मी हसले. हसता हसता त्यांच्याकडे बघितलं. गाल हलला नव्हता. भुवई हलली नव्हती. विनोद पूर्वीसारखाच होता आणि चेहरा कुणा दुसऱ्याचाच. सुरकुतलेला रंग खरवडून मी पुन्हा सुरुवात करू शकत होते, आणि केलीही. समोर बसलेल्या माणसाचं काय करायचं, ते कुठल्या सरांना विचारणार?

संक्रांतीला सरांनी म्हातारा पास केला. चष्मा वर करून, चित्राच्या अगदी जवळ नाक नेऊन, मग खोलीच्या टोकाला जाऊन त्यांनी बघितलं. "जा," म्हणाले, "आता वडिलांना बसवा." तिळगूळ द्यायचंही मला सुचलं नाही. लगेचच्या रविवारी नवा कॅनव्हास घेऊन मी गावी गेले.

बाबांना खिडकीशी बसवलं. भावाने पाठीला उशी लावली. मी ब्रश घेतला आणि खरंच, हात चालायला लागला. कपाळाचा उजेड, डोळ्यांच्या खोबणीतला अंधार, नाकाच्या शेंड्याचा लालसरपणा, सगळं जिथल्या तिथे पडत गेलं. एका दुपारीत तपकिरी थर उभा राहिला. उन्हाळ्यात न जमलेला चेहरा कॅनव्हासवर आला होता. मी दोन पावलं मागे गेले आणि बघितलं.

हुबेहूब होता. न मिचकणारे डोळे, किंचित उघडं तोंड, सपाट गाल. आजार जसाच्या तसा. बाबा त्यात कुठेच नव्हते.

मला डावा गाल वर न्यायचा होता. नेला असता. तेवढी सावली कुठे द्यायची, ते मला आता येत होतं. पण समोर जो गाल होता तो वर गेलेला नव्हता, आणि आठवणीतून वर नेला तर तो मी रंगवलेला कोटच झाला असता. मी ब्रश धरून तशीच उभी राहिले. इतकी असहाय मी दवाखान्यातही झाले नव्हते.

"बाबा," मी शेवटी विचारलं, "कसा काढू?"

बराच वेळ त्यांचे ओठ हलले, मग आवाज आला. "हाय तसा."

त्यांना वाटत होतं ते अजून तसेच आहेत. हसलो की हसतो, रागावलो की रागावतो, आतून त्यांना तसंच लागत असणार. मी त्यांना चित्र दाखवलं नाही. ओला आहे म्हटलं.

आईने बघितलं. खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "असा नाय तो." मग तिने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. भिंतीला ओला रंग लागेल म्हणूनही मी तिला अडवलं नाही.

तो थर वाळायच्या आत, शिमग्याच्या जरा आधी, बाबांच्या छातीत कफ भरला. पनवेलच्या दवाखान्यात नेलं. तिथून त्यांना परत आणलं ते झाकूनच.

त्यानंतर सगळं भराभर झालं, जसं आमच्याकडे होतं. माणसं आली, ओटी भरली, नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागायला हवा म्हणून भाऊ फोटो शोधू लागला. त्याने मला विचारलं, "ताय, तुजं चित्र देऊ?" आणि ते भिंतीकडून वळवलं. ओटीवरच्या चुलत्यांनी ते बघितलं. एक जण म्हणाला, "आजारी मानूस नाक्यावर कशाला लावता? चांगला फोटू द्या." खोटं काय होतं त्यात? मी होकारार्थी मान हलवली. भाऊ रडतच निघून गेला.

संध्याकाळी मी नाक्यावर गेले. ट्रेलरांच्या रांगेवर, विजेच्या खांबाला, बाबा लागले होते. भावाच्या लग्नातला फोटो. त्यात बाबांचे डोळे मिटलेले होते, मला पक्कं आठवतंय. आता उघडे होते. मागे निळं आभाळ, खाली गुलाबाच्या पाकळ्या. आणि अंगात कोट. काळा, चकचकीत, खिशात लाल रुमाल. गळ्यात टाय.

मी भावाला फोन केला. "कोट कोणी घातला?"

"दुकानवाल्यानी. कम्पुटरवर त्यांच्याकडे असतोच तयार. सगल्यांना तोच घालतात." मग जरा थांबून, "का ग ताय, बरा नाय दिसत?"

तो दिवसभर पाणीसुद्धा प्यायला नव्हता. मी म्हटलं, "दिसतोय बरा."

तोच फोटो पुढे फ्रेम करून ओटीवर लावला, आजोबांच्या शेजारी. एकदा मी आईला सांगायला गेले, की बाबांना हे नको होतं, आपण दुसरं काहीतरी बघू. ती स्टुलावर चढून काच पुसत होती. बोटाने कोटाच्या कॉलरवरची धूळ काढत म्हणाली, "आमच्या लग्नातबी नव्हता गो त्यांच्या अंगावर कोट. उसना मिलाला नाय. बग आता, कसं सायबासारके दिसतात." तिला इतकं बरं वाटत होतं. मी तिचं स्टूल धरून ठेवलं.

माझं चित्र माझ्याकडे आहे, खांदा कॉलनीत, कपाटाच्या मागे. सर म्हणतात, पूर्ण करा, तपकिरी थर उत्तम आलाय, आता तर चांगला वाळला असेल. वाळलाय. बोट लावून बघितलं मी. पण पुढचा थर कुणाकडे बघून देऊ? डच म्हातारा मात्र पूर्ण झाला. तो माझ्या भिंतीवर आहे, स्वतःच्या कोटात, आणि पावसाळी दिवसांत त्याला अजून बोंबलाचा वास येतो.

यंदा पितृपक्षात मी गावी गेले. आईने पान वाढलं. वडे, खीर, लाल भोपळ्याची भाजी. भाऊ म्हणाला, "ताय, या वर्साला तू ठेव." मी पान घेऊन ओटीवर आले. भिंतीवर दोन कोट शेजारी शेजारी, चार उघडे डोळे, दोघांचेही नसलेले. मी पान खाली ठेवलं आणि हात जोडले. मग जे तोंडात आलं ते म्हटलं.

"कोटवाल्या, माज्या बापाला सांग, जेवान वाडलंय."

मागे आई उभी होती. या वेळी ती नीट बोल म्हणाली नाही.